आठवी परत केल्याने चौथीचा भागाकार येत नाही

निकालाचे दिवस आले की पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. यंदाही आला. थोडक्यात तो असा: ढकलगाडीने मुलांचं वाटोळं केलं. आमच्या काळी गणितात नापास झालं की त्याच वर्गात परत बसावं लागायचं, म्हणून आमचं गणित पक्कं. आता आठवीतल्या पोराला भागाकार येत नाही, कारण नापास करणंच बंद झालं. भीती असल्याशिवाय अभ्यास होत नाही, आणि कच्च्या मुलांपायी हुशार मुलांचं नुकसान होतं. तेव्हा पालकांनीच शाळेत जाऊन सांगावं, आमच्या मुलाला वर घालू नका, एक वर्ष परत बसवा, पाया पक्का होईल. लहान वयात एक वर्ष गेलं तर काही बिघडत नाही. खाली 'शंभर टक्के सहमत' आणि जोडलेल्या हातांची रांग.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. परत बसवलेली मुलं जूनमध्ये माझ्याच वर्गात येऊन बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

त्याआधी नियम सांगते, कारण 'आठवीपर्यंत कुणाला नापास करतच नाहीत' असं अजून पुष्कळ जण धरून चालतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यातल्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला मागे ठेवता येत नव्हतं. २०१९ मध्ये हे कलम बदललं. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते. त्यात राहिलेल्या मुलाला पूरक मार्गदर्शन द्यायचं, दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यायची, आणि तिथेही राहिला तर त्याच वर्गात ठेवायचं. म्हणजे मजकुरात जे मागितलं आहे ते पाचवी-आठवीपुरतं आलेलंच आहे.

'आमच्या काळी नापास करायचे, म्हणून गणित पक्कं होतं'

हे वाक्य कधी नापास झालेल्या माणसाच्या तोंडून ऐकलंय का? १९९०-९१ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशात पहिलीत आलेल्या १०० मुलांपैकी जवळपास ६० आठवी पुरी होण्याआधी शाळेतून गळत होती. सगळी काही नापास झाली म्हणून गळली नाहीत. गरिबी होती, शेतातली कामं होती, शाळा लांब होती, मुलींच्या मागे धाकटी भावंडं होती. पण एकाच वर्गात दोनदा बसलेला पोरगा तिसऱ्या जूनला शाळेत दिसायचा नाही, गॅरेजवर नाहीतर किराणा दुकानात दिसायचा, हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारून बघा. शेवटपर्यंत टिकले त्यांचं गणित बरं होतं, यात नापास करण्याचं श्रेय किती आणि गळतीचं किती, हे मजकूर लिहिणाऱ्याने तपासलेलं नाही.

'एक वर्ष परत बसला की पाया पक्का होतो'

सगळ्यांना पटतो तो हाच मुद्दा, आणि माझा खरा वाद याच्याशीच आहे.

आठवीचं गणिताचं पुस्तक काढून अनुक्रमणिका बघा. परिमेय व अपरिमेय संख्या, घातांक व घनमूळ, विस्तार सूत्रे, बैजिक राशींचे अवयव, चलन, सूट व कमिशन, बहुपदींचा भागाकार, चक्रवाढ व्याज. साध्या संख्यांचा भागाकार शिकवणारा धडा यात नाही. तो येतोच असं धरून पुस्तक सुरू होतं. परत बसलेल्या मुलाला दुसऱ्यांदा शिकवलं जातं ते हेच, त्याच क्रमाने, त्याच वेगाने. ज्याला ८२४ ला ४ ने भागता येत नाही, त्याच्यापुढे फळ्यावर बहुपदीचा भागाकार दुसऱ्यांदा मांडला, एवढाच काय तो फरक.

परत बसलेल्या एका मुलाला मी ५०३ मधून २७८ वजा करायला दिले. त्याने ३७५ लिहिले. (उत्तर २२५.) कसे आले विचारलं तर म्हणाला, "मॅडम, वरचा लहान असला की उलटं करायचं." म्हणजे ८ मधून ३ गेले ५, ७ मधून ० गेला ७, ५ मधून २ गेले ३. हातचा घेण्याची भानगडच नको म्हणून दुसरी-तिसरीत कधीतरी त्याने हा नियम स्वतःच काढला असणार, आणि वहीवर नुसती लाल फुली मारून सगळे पुढे गेले असणार. मग ८२४ भागिले ४ दिलं. उत्तर आलं २६, मधला शून्य गडप. विचारलं, चौघांना २६-२६ रुपये दिले तर एकूण किती लागले? झटक्यात म्हणाला, १०४. मग बाकीचे कुठे गेले? वहीकडे बघत राहिला, ओठ हलले, आणि तोंडीच म्हणाला, "आठशेचे दोनदोनशे, चोवीसचे सहासहा... दोनशे सहा."

वाटणी त्याला कळते. कागदावर मांडताना स्थानिक किंमत हरवते, एवढंच. हे रोज थोडा वेळ देऊन काही आठवड्यांत सुधारता येतं. आठवीच्या दुसऱ्या वर्षात मात्र ते सुधारायला कुठे जागाच नाही, कारण त्या वर्षाच्या नियोजनात स्थानिक किंमत कुठेच नसते.

उलट टोकाची मुलगीही त्याच वर्गात असते. वजाबाकी, भागाकार, अपूर्णांक सगळं नीट, पण (अ + ब)² चा विस्तार अ² + ब² असा करते आणि अवयवांच्या धड्यात पार गळपटते. हिचं कच्चं आहे ते सातवीच्या वर्गविस्तारापासून पुढचं, म्हणजे आठवीचं गणित. चौरस काढून, त्यात अ आणि ब चे भाग पाडून, मधले दोन आयत दाखवले की २अब कुठून येतात ते तिला दिसतं. मे महिना आणि पुनर्परीक्षेची तयारी तिला पुरते. नववीत हीच सूत्रं पुन्हा रोज वापरायची असतात.

दोघांच्या गुणपत्रकावर गणितासमोरचा आकडा एकच असू शकतो. त्या आकड्यावरून 'परत बसवा' म्हणायचं, तर एकाला ते वर्ष कामाचं नाही आणि दुसरीला गरजेचं नाही.

'नापास करणं बंद केलं म्हणून भागाकार येईनासा झाला'

यात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करते. 'असर' या देशभरच्या ग्रामीण शैक्षणिक सर्वेक्षणात तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला देतात. पाचवीतल्या किती मुलांना ते जमलं? २०१० मध्ये सुमारे ३६ टक्के, २०१२ मध्ये सुमारे २५ टक्के. कायदा आल्यावर आकडा पडला, हे दिसतंच. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करा, म्हणजे मुलाला काय येतं ते वर्षभर बघत राहा, असं कायद्यात होतं. पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ 'परीक्षा नाही, तर तपासायचंही नाही' असा घेतला गेला. नोंदवह्या भरल्या गेल्या, मुलाला काय येतं हे कुणी बघितलं नाही.

पण २०१० चा आकडा पुन्हा वाचा. कायदा तेव्हा जेमतेम काही महिन्यांचा होता. त्या पाचवीतली मुलं पहिली ते चौथी जुन्या पद्धतीतच शिकली होती, आणि तरीही दहातल्या सहांहून अधिक मुलांना भागाकार जमत नव्हता. २०२४ मध्ये पाचवीचा आकडा ३०.७ टक्के आणि आठवीचा ४५.८ टक्के होता. आठवीचा आकडा २०१८ मध्ये ४४.१ होता, म्हणजे जवळजवळ तिथेच अडकलाय. भागाकाराचं दुखणं ढकलगाडीच्या आधीपासूनचं आहे. धोरणाने ते झाकलं, वाढवलंही असेल.

'भीती असली की मुलं अभ्यास करतात'

काही करतात. अमेरिकेत शिकागो शहराच्या शाळांनी १९९६ पासून तिसरी, सहावी आणि आठवीला वाचन-गणिताची चाचणी लावली आणि नापासांना मागे ठेवायला सुरुवात केली. हा प्रयोग बराच अभ्यासला गेला. काही मुलांनी जोर लावला हे खरं, पण जास्त मागे पडलेल्या काही मुलांवर त्या भीतीचा फारसा परिणाम झाला नाही. मागे ठेवलेल्या तिसरीतल्या मुलांना दोन वर्षांनंतर टिकाऊ फायदा दिसला नाही, सहावीतली आणखी मागे पडली, आणि आठवीत मागे ठेवलेल्यांमध्ये शाळा सोडण्याचं प्रमाण वाढलं.

याविरुद्ध फ्लोरिडाचं उदाहरण दिलं जातं. तिथे तिसरीत मागे ठेवलेल्या मुलांचे वाचनाचे गुण सुरुवातीला सुधारले. मात्र तिथे मुलाला नुसतं परत बसवत नाहीत. उन्हाळी वर्ग, चांगला शिक्षक आणि रोज वाचनाला दीड तास हे सगळं बरोबर असतं. आपल्याकडे यातलं काय मिळणार आहे, हे शाळेत विचारून मगच फ्लोरिडाचं नाव घ्यावं.

'कच्च्या मुलांमुळे हुशार मुलांचं नुकसान होतं'

कच्चं मूल परत बसलं तरी एका वर्गात बसणारच. हुशार मुलं तेवढी वेगळी असतील.

'लहान वयात एक वर्ष गेलं तर काय बिघडतं?'

कुणाचं, यावर आहे. डॉक्टरांच्या मुलाचं बहुधा काही बिघडत नाही. पण तेरा-चौदा वर्षांची मुलगी आठवीत अडकली आणि शाळा शेजारच्या गावात असली, की घरात 'कशाला आता पुढे' सुरू होतं. ती दोनदा आठवीत बसत नाही, बसतच नाही. आणि ज्याचा धाकटा भाऊ पुढच्या वर्षी त्याच वर्गात येणार आहे त्या पोराला विचारा, वर्ष जाणं म्हणजे काय.

मला सगळ्यांत खटकते ती गोष्ट वेगळीच. आठवीत पोरगा फक्त गणितात राहिला, तरी तो मराठी, हिंदी, इंग्रजी, विज्ञान, सामाजिक शास्त्रे सगळंच पुन्हा करतो, ज्यात तो पास झालेला आहे. दहावीत मात्र एक-दोन विषय राहिले तर एटीकेटी घेऊन अकरावीला प्रवेश मिळतो आणि राहिलेला विषय पुरवणी परीक्षेत सोडवता येतो. सोळा वर्षांच्या मुलासाठी 'एका विषयापायी वर्ष नको' हे शहाणपण आपल्याला सुचलं. तेरा वर्षांच्याला ते का नाही?

'मग काय, येत नसताना वर ढकलत राहायचं?'

नाही. नुसतं वर ढकलणं आणि नुसतं परत बसवणं, दोन्हींत मुलाला काय येत नाही हे कुणी बघतच नाही.

आपल्याच मुंबईत यावर काम झालेलं आहे. 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांमध्ये बालसखी उपक्रम चालवला. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली तरुणी, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं, शाळेच्या वेळातले रोज दोन तास, आणि शिकवायचं ते मुलाला जिथपर्यंत येतं तिथून पुढे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याची रीतसर तपासणी करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांचे गुण वाढले, आणि वाढ मुख्यतः कच्च्या मुलांचीच होती. कुणाचं वर्ष गेलं नाही. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात फायदा बराच ओसरला हेही त्यांनीच नोंदवलंय, म्हणजे हे एकदा करून सोडून द्यायचं काम नाही.

परत बसवणं योग्य असं कधीच नसतं का? असतं. मूल सहा महिने आजारी होतं, किंवा वर्षाच्या मध्यात दुसऱ्या माध्यमातून आलं, आणि गणितच नाही तर सगळंच बुडालं, तर एक वर्ष पुन्हा करण्यात अर्थ आहे. अट दोन गोष्टींची: बुडण्याचं कारण संपलेलं असावं आणि मूल स्वतः तयार असावं. ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांचं बघा. दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो तो उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. दुसरं सत्र जवळजवळ सगळं जातं, म्हणजे बहुपदींचा भागाकार, एकचल समीकरणे, चक्रवाढ व्याज, क्षेत्रफळ. या मुलाला आठवीत परत बसवलं तर पुढच्या वर्षी तेच धडे त्याच महिन्यांत पुन्हा बुडणार. त्याला वर्ष नको, गावात राहायची सोय हवी. हंगामी वसतिगृहं त्यासाठीच आहेत.

बाकीच्यांनी शाळेत जाऊन 'परत बसवा' सांगण्याआधी गणिताची उत्तरपत्रिका बघायला मागावी. नाही मिळाली तर घरीच पाच उदाहरणं घालावीत: ५०३ − २७८, ८२४ ÷ ४, १/२ + १/३, −५ + ३, आणि २क + ७ = १९ मध्ये क किती. मूल सोडवताना मध्ये बोलू नये, झाल्यावर 'कसं केलंस' एवढंच विचारावं. पहिल्या दोनांत अडलं तर तिसरी-चौथीचं पुस्तक काढायचं, तिसऱ्यात अडलं तर पाचवीचं, शेवटच्या दोनांत अडलं तर सहावीचं. पाचही बरोबर आली तर सातवी-आठवीचीच पुस्तकं पुरेत. बालभारतीच्या संकेतस्थळावर ही सगळी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, आणि पुनर्परीक्षेला अजून वेळ आहे.