‘तक्रार केली तर व्हिसा जातो’ हा मेसेज पुढे पाठवू नका

‘परदेशात दिलेल्या लेकींसाठी महत्त्वाचे’ असा एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्यात म्हटलंय: व्हिसा नवऱ्याच्या नावावर असतो, त्याच्या छळाची तक्रार केली की बायकोला परत पाठवतात. मारहाण नसेल तर पोलीस दखल घेत नाहीत. मुलं सरकार काढून घेतं. म्हणून गुपचूप भारतात या आणि वडीलधाऱ्यांना मध्ये घालून मिटवा. माझ्या मावशीने तो लंडनजवळ स्लाऊला असलेल्या लेकीला पाठवला, आणि त्या पोरीने हेल्पलाइनला करायचा फोन केलाच नाही. म्हणून हे लिहितेय, ब्रिटनपुरतं.

शेवटचा सल्ला आधी घेते, कारण तोच घातक आहे. ‘थोडे दिवस माहेरी राहून ये’ म्हणत तिकीट काढायचं, इथे आल्यावर सासरच्यांनी पासपोर्ट ठेवून घ्यायचा, मग नवऱ्याने फोन उचलणं बंद करायचं. असं इतक्या जणींचं झालंय की ब्रिटनला नियम बदलावे लागले. जोडीदार-व्हिसावर गेलेल्या आणि अशा टाकून दिलेल्या बाईला २०२४ पासून परदेशातूनही अर्ज करता येतो. पण डॉक्टरचे कागद, शेजारी, मुलांची शाळा सगळं तिकडे राहतं. इथून पुरावा जमवताना जीव जातो. तिथे असलेलीने तिथेच राहून मदत मागावी. मिटवामिटवी करणारे वडीलधारे पासपोर्ट परत मिळवून देणार आहेत का?

आता व्हिसा. तो नवरा रद्द करू शकत नाही. तो होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या ब्रिटनच्या गृहखात्याला, कळवू शकतो, निर्णय त्यांचा. नवरा ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याला कायम वास्तव्य मिळालेलं असेल, तर छळामुळे संसार मोडलेली बायको स्वतःच्या नावाने कायम वास्तव्य मागू शकते. हातात पैसा नसेल तर त्याआधी तीन महिन्यांची स्वतंत्र परवानगी मिळते. तेवढ्यात सरकारी भत्ता आणि निवारा मागता येतो.

एवढं मात्र मान्य करावं लागेल: नवरा नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असेल तर ते तीन महिनेच मिळतात, कायम वास्तव्याची ही वाट नाही. आयटीवाल्यांसोबत गेलेल्या आपल्या मुली याच गटात येतात. शिवाय ती परवानगी मिळाली की आधीचा व्हिसा संपतो, म्हणून आधी वकील गाठायचा. पोलीस कधीकधी पीडितेची माहिती होम ऑफिसला देतात, हेही खरं. १९७९ पासून काम करणाऱ्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या लंडनच्या महिला संस्थेने ‘लिबर्टी’ या मानवी हक्क संस्थेसोबत २०१८ मध्ये त्याविरुद्ध अधिकृत तक्रार केली होती. भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय गप्प बसणं नाही, अशा संस्थेशी आधी बोलणं हा आहे.

मारहाणच हवी, हे साफ खोटं. सतत धाक आणि पाळत ठेवणं हा इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ पासून गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. तिथल्याच २०२१ च्या घरगुती छळाच्या कायद्यात आर्थिक छळही येतो. पगार त्याच्या खात्यात, बसच्या पैशांचाही हिशेब, ऑनलाइन व्हिसाचं खातं त्याच्याच ईमेलवर: हे सगळं सांगण्यासारखं आहे, सांगा.

मुलांचं म्हणाल तर चौकशी होते, पण आईने तक्रार केली एवढ्यावरून कुणी मूल नेत नाही.

जीव धोक्यात असेल तर ९९९ या तातडीच्या नंबरवर फोन करायचा. मोबाइलवरून बोलता येत नसेल तर विचारल्यावर ५५ दाबायचं. एरवी घरगुती छळासाठीची इंग्लंडची राष्ट्रीय हेल्पलाइन ०८०८ २००० २४७, चोवीस तास, मोफत. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा.