पाय चेपण्यावरून पेटलेलं भांडण

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या आत्याच्या पायांवरून भांडण पेटलंय. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो चालू आहे, रात्री झोप नाही. वहिनी तिचे पाय चेपून देते. त्यावर जुळे सोलापुरातून काकांचं फर्मान आलं, ‘चोळू नका, अंगभर पसरतो.’ विजापूर रोडच्या मामी दुसऱ्या टोकाला. त्यांच्या मते अमक्या तेलाने गाठच विरघळते!

इथे जर्मनीत, लाइपझिगमध्ये बसून हे वाचलं की डोकं फिरतं. हलक्या हाताच्या मालीशने कॅन्सर पसरतो याला पुरावा नाही. तेलाने गाठ जात नाही. दुखणं, बेचैनी, मळमळ मात्र काही वेळ हलकी होते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात तीन वर्षांत मालीश वगैरे घेतलेल्या १२९० रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, २००४ साली छापल्या. त्रासाची तीव्रता निम्म्यावर आली, असं रुग्णांनीच सांगितलं. तुलनेला दुसरा गट नव्हता, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. काकांशी वाद घालताना एवढं चालतं. २००८ च्या एका अभ्यासात तसा गट होता. बळावलेल्या कॅन्सरचे ३८० रुग्ण, काहींना मालीश, काहींच्या अंगावर नुसता हात ठेवलेला. मालीशचा गुण लगेच जास्त दिसला, पण फार टिकला नाही. आणि नुसत्या हातानेही बरं वाटलंच.

माझ्या शेजारणीचा हात ऑपरेशननंतर सुजला. डॉक्टरांनी रेझेप्ट, म्हणजे चिठ्ठी दिली, आठवड्यातून दोनदा लिम्फड्रेनाजे, म्हणजे सूज उतरवणारं हलक्या हाताचं खास मालीश. थोडे पैसे तिचे, बाकी कासेचे, म्हणजे इथल्या आरोग्य विम्याचे. कुणाच्या काकांना विचारावं लागलं नाही.

पथ्यं आहेत, नाही कोण म्हणतंय? प्लेटलेट्स उतरल्या असतील तर दाब नको. एकच पाय सुजून लाल झाला तर रक्ताच्या गुठळीची शंका, तिथे चेपायचं नाही, डॉक्टर गाठायचा. हाडात आजार पोचला असेल तिथे जोर नको. रेडिएशनची कातडी, केमोसाठी कातडीखाली बसवलेला पोर्ट, ताजी जखम सोडून द्यायची. बगलेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात तर रगडायचाच नाही. बाळंतिणीला चोळणाऱ्या बायांचा दणकट हात इथे कामाचा नाही. बार्शीसारखं कॅन्सरचं रुग्णालय जिल्ह्यात असताना हे केमोच्या दिवशी विचारायला कितीसा वेळ लागतो?

मला खरी चीड आली ती आत्याचा पेला वेगळा ठेवल्याचं कळल्यावर. आम्हा सगळ्या भावंडांना न्हाऊमाखू घालणारी बाई, आणि तिच्याजवळ बसायला लोक बिचकतात.

पण सोलापूरला मागास म्हणताना माझी जीभ अडखळते. इथे अंगाला हात लागतो तो चिठ्ठीवर, वीस मिनिटं, दारात पुढचा पेशंट उभा. उद्या मी अंथरुणाला खिळले तर रात्री दोन वाजता पाय चेपायला कोण उठणार? कासे त्याचे पैसे देत नाही. सुट्टीला गेले की तिकडेही मी पाहुणी, माझ्यासाठी बिस्लेरीची बाटली आणतात.

दादाने शेवटी लिहिलं, ‘एवढं कळतंय तर ये की, तूच लाव तेल.’ मी उत्तरादाखल लेख पाठवला.

वहिनीला मात्र फोन केला. रक्ताचा रिपोर्ट आधी बघ, तळव्यापासून पोटरीपर्यंतच, दाब अजिबात नको, असं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, “केमोच्या सिस्टरनी हेच सांगितलंय की, ताई. मी थांबवलंच कुठं होतं?”