पडून नाहीये ती लोकर!

सांगलीत थंडी ती किती, जेमतेम दोन महिने. पण दिवाळी झाली की शेजारपाजारच्या बायकांचं सुरू होतं: "काकू, तुमच्याकडं एवढी लोकर पडलीय, बाळाला एक स्वेटर-टोपरं विणून द्या की!"

पडलीय? ट्रंकेतला एकेक गुंडा कशासाठी घेतलाय ते मला पाठ आहे. त्या निळ्या लोकरीचे सहाही गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले. रंगाचा नंबर तोच असला तरी लॉट बदलला की छटा बदलते, आणि विणल्यावर ऐन पाठीवर पट्टा उठून दिसतो. त्यातला एक दिला की माझं जाकीट अर्धंच राहणार. तो लॉट पुन्हा कुठून आणू? खणाच्या कापडाचंही तेच. "एवढासाच तुकडा द्या," म्हणतात. अहो, खणाचा पन्हाच मुळात लहान, एवढाशात चोळीची बाही जाते!

२०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा आधी ही ट्रंक माळ्यावर चढवली, मग धान्य. आणि विणायला लागणारे तास? ते तर कुणी धरतच नाही. परवा एक जण येऊन थेट ट्रंकच उघडायला लागली. झाकणावर हात ठेवला आणि सरळ नाही म्हणाले.