हरला तो उठला

काल रात्री सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर पिंट्या मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसलेला, अंगठा नुसता पळत होता, आणि चहा येईपर्यंत त्याचे बुद्धिबळाचे चार डाव उरकले पण. एक मिनिटवाले, म्हणजे अख्ख्या डावाला प्रत्येकी एकच मिनिट, बुलेट म्हणतात त्याला. तीन जिंकला, त्यातले दोन समोरच्याचा टाइम संपला म्हणून. सर शेजारीच होते (दिवसा शाळेत गणित, संध्याकाळी पोरांना बुद्धिबळ), ते म्हणाले, "तिसऱ्या डावात तुझा घोडा फुकट गेला, दिसलं का?" पिंट्या म्हणाला, "सर, जिंकलो ना पण." झालं, तिथनं जे सुरू झालं ते साडेअकरापर्यंत.

काका म्हणजे जुने खेळाडू. सांगलीत बुद्धिबळ म्हटलं की भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ, त्या वातावरणात वाढलेला माणूस. काका सरळच म्हणाले, "अरे लेका, हा खेळच नव्हे, ही बोटांची कसरत आहे. गुकेश बघ. त्याच्या कोचनं, विष्णू प्रसन्नानं, बरीच वर्षं त्याला इंजिनला, म्हणजे चाली सुचवणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामला, हात लावू दिला नाही, सगळं स्वतःच्या डोक्यानं मोजायला लावलं. रॅपिड-ब्लिट्झमध्ये, म्हणजे कमी वेळाच्या डावांत, तो क्लासिकलएवढा, म्हणजे तासन् तास चालणाऱ्या डावांएवढा, भारी नव्हताच, तरी अठराव्या वर्षी जगज्जेता."

पिंट्या काय ऐकतोय. "काका, मग निहाल सरीन? लहानपणापासून ऑनलाइन हजारो ब्लिट्झ-बुलेट खेळला, झाला की ग्रँडमास्टर. आणि आनंद? पोरवयात त्याची ओळखच मुळी पटापट खेळणारा पोरगा अशी होती. दिव्या देशमुख तर आपल्या नागपूरची, 2025 ला बातुमीत महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल, कोनेरू हंपीबरोबर क्लासिकलचे दोन्ही डाव ड्रॉ, मग रॅपिडमध्ये काळ्या सोंगट्या घेऊन जिंकली. फास्ट येत नसतं तर?"

मुद्दा खोटा नाही त्याचा. पण सर म्हणाले, अरे ते रॅपिड पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद असं होतं, तुझं एक मिनिट आणि ते एका तागडीत घालू नको. मग त्यांनी तिथंच पेपरच्या कागदावर हिशोब मांडला. चाळीस चालींचा डाव धरला तर बुलेटमध्ये चालीला दीड सेकंद मिळतो. तीन मिनिटं अधिक दोन सेकंदवाल्या ब्लिट्झमध्ये साडेसहा सेकंद. आणि आपण रेटिंग स्पर्धेत खेळतो ते नव्वद मिनिटं अधिक तीस सेकंद, तिथं पावणेतीन मिनिटं. दीड सेकंदात माणूस विचार करत नाही, आठवतो. जे डोक्यात आधीच आहे तेच बाहेर येतं. निहालच्या, आनंदच्या डोक्यात जे आहे ते बाहेर आलं की चांगलीच चाल येणार, आपल्या डोक्यात अर्धवट आहे तर अर्धवटच येणार, आणि तेच रोज पन्नास वेळा खेळून पक्कं होणार.

इथं मी बोललो, कारण ही गोष्ट माझ्याबरोबर घडलेली आहे आणि अजून मनातनं गेलेली नाही. लॉकडाऊनपासून मी रोज ब्लिट्झ खेळत होतो, झोपायच्या आधी "शेवटचा एक" म्हणत वीस-वीस डाव. ऑनलाइन रेटिंग वर गेलं, ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, तोंडपाठ झाल्या, वाटलं आपण सुधारलो. मग स्पर्धेला गेलो. तिसऱ्या फेरीत माझं एक प्यादं जास्त, दोघांकडे एकेक हत्ती, घड्याळात माझी चौतीस मिनिटं शिल्लक. आणि मी आठ-दहा सेकंदात हत्तीला हत्ती मारून टाकला. हत्ती गेले, प्यादं जास्त, आता जिंकलोच असं वाटून हातच गेला. त्याचा राजा येऊन माझ्या प्याद्याच्या पुढ्यात उभा राहिला, माझा राजा प्याद्याच्या मागे अडकलेला, ऑपोझिशन त्याच्याकडे, म्हणजे राजासमोर राजा आणि हलायची पाळी माझी. ड्रॉ. राजा आधी प्याद्याच्या पुढे न्यायचा हे सर पोरांना पहिल्या वर्षी शिकवतात, मलाही येत होतं. चौतीस मिनिटं होती आणि मला थांबताच आलं नाही. हरल्यापेक्षा जास्त लागलं ते.

पिंट्या जरा गप्प झाला. मग म्हणाला, "पण दादा, ब्लिट्झनं ओपनिंग पक्क्या झाल्या म्हणतोस की तूच." हो, झाल्या, ते मी नाकारत नाही. नवीन ओपनिंग घेतली की ब्लिट्झमध्ये पन्नास डाव खेळून बघायला चांगलं पडतं, लोक कुठं फसवतात ते कळतं, टाइम कमी उरला की हात थरथरत नाही. पण बुलेटमध्ये अजून एक वाईट सवय लागते, म्हणजे चाल चांगली आहे का हे बघायचंच नाही, समोरच्याला विचार करायला लागेल का एवढंच बघायचं. उगाच शह द्यायचा, वजीर पुढं नाचवायचा, टायमावर हरवायचं. आणि हे चालतं! चालतं म्हणूनच अंगात मुरतं.

उलटं उदाहरण सरांनी दिलं, सिंगापूरला डिंग लिरेनबरोबरच्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव, डिसेंबर 2024. सगळे ड्रॉ धरून बसलेले, गुकेशकडे एक प्यादं जास्त पण त्यात काही दिसत नव्हतं, तरी हा पोरगा तासन् तास रेटत राहिला आणि शेवटी डिंग लिरेननं हत्ती एफ दोन या घरावर ठेवला, तिथंच चुकला. हत्ती गेले, मागोमाग उंटही गेले, आणि राजा-प्याद्यांचा डाव हा जिंकला. सर म्हणाले, "बघ, हत्ती यानंही मारला आणि तूही मारलास." मला त्याच्यावर काही बोलता आलं नाही.

मग काकांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात पटलं. आमच्या वेळेला पण पाच मिनिटांचे डाव व्हायचेच की, म्हणाले, चावीचं घड्याळ, काट्यानं झेंडा उचलला की सगळे वाकून बघायचे, झेंडा पडला की आरडाओरडा. पण नियम होता, हरला तो उठला. उठलेला माणूस मागं उभा राहून दोन-तीन डाव बघायचा, आपण कुठं हरलो ते डोक्यात घोळायचं, जिंकलेलाच सांगायचा की तू उंट इथं ठेवला असतास तर माझं अवघड होतं. पुन्हा नंबर येईपर्यंत अर्धा तास जायचा. "तुमच्यात हरलेला उठतच नाही," काका म्हणाले, "बटण दाबतो नि परत बसतो."

मला वाटतं खरी गोम इथं आहे. वेगापेक्षा दोन डावांच्या मधला तो वेळ गेलाय. मी आता बुलेट बंद केलंय, पंधरा मिनिटं अधिक दहा सेकंदचे दिवसाला दोन डाव, आणि हरलेला डाव इंजिन लावायच्या आधी स्वतः पटावर मांडून बघायचा. इंजिन चूक सांगतं, पण त्या वेळी मला काय वाटलं म्हणून मी ती चाल केली, हे मलाच शोधावं लागतं.

काका आणि सरांचं एका गोष्टीवर शेवटपर्यंत जमलं नाही. काका म्हणतात दहा वर्षांखालच्या पोरांना ऑनलाइन ब्लिट्झ अजिबात नको, सर म्हणतात गावातल्या पोराला रोज समोर बसणारा दुसरा खेळाडू कुठनं आणायचा, त्याला मोबाईलच आधार आहे. दोघांचंही मला खरं वाटतं.

पिंट्यानं मोबाईल पुढं केला आणि तो तिसरा डाव काढला, घोडा गेलेला. सरांनी पिशवीतनं पट काढून कट्ट्यावर पसरला. घोडा जायच्या तीन चाली आधीच गडबड झाली होती, ते पिंट्यालाच सापडलं, वीस मिनिटांनी. रविवारी मिरजेत एका दिवसाची रॅपिड स्पर्धा आहे, आम्ही दोघं जातोय. सर म्हणाले, जमतील तेवढ्या चाली लिहून आणा, सोमवारी इथंच बघू.