पिऊ द्या की त्याला!

"सूर्यपक्ष्यांसाठी साखरपाण्याची बाटली टांगली आणि भलतेच पक्षी येऊन पितात, त्यांना कसं अडवायचं?" या थंडीत जुळे सोलापूर, होटगी रोडकडच्या ओळखीच्या मंडळींनी मला हे पुन्हा पुन्हा विचारलंय. अडवू नका. पिऊ द्या की!

हे 'भलते' कोण? बुलबुल आणि चष्मेवाला तर घरचेच. पण त्यांच्यात एक राखाडी डोक्याचा, पांढऱ्या गळ्याचा, डोळ्याजवळ गडद पट्टा असलेला चिमुकला जीव असतो. तो शुभ्रकंठी वटवट्या. वजन जेमतेम बारा-तेरा ग्रॅम आणि येतो मध्य आशिया, सायबेरियाकडून. सगळे त्याला किडे खाणारा म्हणून ओळखतात, म्हणून साखरपाण्यावर दिसला की चक्रावतात. पण थंडीत तो फुलांतला मधुरसही पितो. आमच्या शेवग्यावर सकाळी ऊन आलं की घोसात डोकं खुपसतो आणि बाहेर येतो तेव्हा कपाळ पिवळंधमक झालेलं असतं, बाळ्याच्या खंडोबाला जाऊन भंडारा लावून आल्यासारखं! तेच पराग घेऊन तो पुढच्या फुलावर जातो. अशा पाहुण्याला जाळी लावून अडवायचं?

आणि बाटलीवर मालकी सूर्यपक्ष्याची तरी कुठे? ती मुळात अमेरिकेतल्या हमिंगबर्डसाठी निघालेली वस्तू, आणि तो पक्षी भारतात नाहीच. तिकडेही हिवाळ्यात तिच्यावर वटवट्यांसारखे छोटे पक्षी येतात. भूक लागली की पक्षी मिळेल तिथे येणारच.

बाटली लावायचीच तर नीट लावा. एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी. साधी पांढरी साखर. गूळ नको, मध तर अजिबात नको, त्यात बुरशी लवकर धरते. लाल रंगही नको. आपल्याकडे जानेवारीतसुद्धा दुपारी ऊन चटकतं, पाणी आंबतं. म्हणून बाटली सावलीत टांगा, पाणी रोज बदला आणि बाटली गरम पाण्याने घासा. आंबलेलं पाणी पाजण्यापेक्षा बाटली न लावलेली बरी.

माझं खरं दुखणं मात्र वेगळं आहे. आपण बाटली विकत आणतो आणि त्याच आठवड्यात शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर जेसीबी लावून रुई, बोरी, नेपतीची झुडपं साफ करतो. 'स्वच्छता' झाली म्हणून फोटोही टाकतो. नुसत्या साखरपाण्यावर कुठलाच पक्षी जगत नाही. सूर्यपक्षीसुद्धा पिल्लांना किडे आणि कोळीच भरवतो. ते मिळतात या झुडपांत, फवारणी न केलेल्या कुंपणात. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, तरी त्याचं दर्शन आज दुर्मिळ झालंय. माळाला पडीक समजून नांगरत, बांधत गेलो की काय होतं, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

भोरड्यांचंही, म्हणजे थंडीत येणाऱ्या गुलाबी मैनांचंही, तसंच. ज्वारीचं कणीस भरलं की शेतकरी गोफण घेऊन उभा राहतो, ते चुकीचं नाही, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. पण याच भोरड्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावरीवर, पांगाऱ्यावर, पळसावर तुटून पडतात आणि चोचीपासून कपाळापर्यंत परागांनी माखतात. परतीच्या प्रवासाआधी हा मधुरस त्यांना लागतो. शहरात रस्त्याकडेला झाडं लावायची ठरली की नुसती शोभेची निवडण्यापेक्षा ही तीन लावा, एवढी मागणी आपण नगरसेवकांकडे करू शकतो. तीनही इथलीच, उन्हाला तोंड देणारी.

घरी जागा असेल तर शेवगा लावा. आहे त्या शेवग्यावर केसाळ अळ्या आल्या म्हणून अख्खं झाड तोडू नका, तेवढी फांदी काढा. आणि हो, विजापूर रोड किंवा देगावच्या बाजूला कुणाच्या बांधावर नेपती उरली असेल तर कमेंटमध्ये सांगा. मला बिया हव्या आहेत, कुंपणाला लावणार आहे.