तीन दिवस उरलेत? ल्योंला जा, स्वित्झर्लंड जोडू नका

पॅरिस बघून झालं आणि हाताशी तीन दिवस उरले की आपल्या माणसांचं बोट नकाशावर आपोआप स्वित्झर्लंडकडे सरकतं. परवा मावसभावाने बेत पाठवला: एक दिवस जिनिव्हा, एक दिवस इंटरलाकेन, मग कुठलं तरी शिखर आणि रात्रीच्या गाडीने परत. मी लिहिलं, "दादा, ही सहल नाही, रोजची बदली आहे." तो रागावला. पण माझं मत कायम आहे. तीन दिवसांत एकच शहर बघावं, तेही पायी. आणि फ्रान्समध्ये त्यासाठी ल्योंइतकं सोयीचं शहर मला दुसरं दिसत नाही.

पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनवरून टीजीव्हीने साधारण दोन तास. ही वेगवान गाडी १९८१ मध्ये सुरू झाली तीच मुळी या मार्गावर. तिकीट आधी काढा, आयत्या वेळी त्याच सीटला भरमसाट पैसे जातात. व्हिसा एकच शेंगेन, त्यामुळे वेगळी खटपट नाही. हॉटेल मात्र पार-द्यू स्टेशनजवळ स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. तिथे मॉल आणि काचेच्या इमारती आहेत, त्या आपल्याकडे काय कमी आहेत? ऱ्होन आणि सोन या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, प्रेस्कीलवर राहा. दोन्हीकडे पूल ओलांडून चालत जाता येतं.

पहिला दिवस जुन्या ल्योंला द्या. सोनच्या पलीकडे, फुर्व्हियेर टेकडीच्या पायथ्याशी पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या घरांच्या गल्ल्या आहेत. महापौर लुई प्रादेल यांना यातून रस्ता काढायचा होता. स्थानिक लोक आडवे आले, १९६२ मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि १९६४ मध्ये हा भाग फ्रान्समधलं पहिलं संरक्षित क्षेत्र ठरला. डोळ्यांदेखत वाडे पडताना पाहिलेल्या पुणेकरांनी इथे जरा रेंगाळावं. काही दारं ढकलली की आत बोळ लागतो, बोळातून चौक, चौकातून जिना, आणि तुम्ही भलत्याच रस्त्यावर बाहेर पडता. या आडवाटांना त्राबूल म्हणतात. शेकडो आहेत, लोकांसाठी त्यातल्या थोड्याच उघड्या. वर माणसं राहतात, कपडे वाळत असतात. तिथे रील करत आरडाओरडा करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

टेकडीवर फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या चढाच्या रेल्वेने जा, मेट्रोचंच तिकीट चालतं. वरच्या बॅसिलिकाला, म्हणजे मोठ्या चर्चला, गावातले लोक उलटा पडलेला हत्ती म्हणतात, आणि चार मनोरे हवेत बघितले की पटतं. आतली सजावट मला अंमळ जास्तच वाटली. पण तिथून खाली रोमन नाट्यगृहाकडे उतरा. हे शहर इसवी सनापूर्वी ४३ मध्ये लुग्दुनुम या नावाने वसलं, आणि सम्राट क्लॉडियस इथेच जन्मला. गॉलमधल्या (म्हणजे तेव्हाच्या फ्रान्समधल्या) प्रतिष्ठितांना रोमच्या सिनेटमध्ये घ्या, असं त्याने इसवी सन ४८ मध्ये केलेलं भाषण ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेलं शेजारच्या संग्रहालयात आहे. बाहेरच्यांना आत घ्यायचं की नाही, हा वाद तेव्हाही होता.

दुसरा दिवस क्रुआ-रूसचा, आणि माझ्या लेखी हाच सगळ्यात मोलाचा. ही रेशीम विणकरांची टेकडी. जोसेफ-मारी जाकार इथलाच, त्याचा भोकं पाडलेल्या पत्त्यांवर चालणारा माग १८०४ च्या सुमारासचा. आज इचलकरंजीत ज्याला जेकार्ड म्हणतात, ते याच्याच नावावरून. हा माग इतका उंच की त्यासाठी जवळजवळ चार मीटर उंचीच्या खोल्या बांधाव्या लागल्या. त्याच खोलीत माग, त्याच खोलीत चूल आणि पोटमाळ्यावर अंथरूण. १८३१ मध्ये मजुरीचा किमान दर व्यापारी पाळेनात, तेव्हा विणकर रस्त्यावर उतरले आणि काही दिवस शहर त्यांच्या ताब्यात होतं. १८३४ मध्ये पुन्हा उठाव झाला, तो सैन्याने चिरडला. मेझों दे कानू या ठिकाणी हातमाग चालवून दाखवतात. तिथे तासभर उभे राहा, स्कार्फच्या किमतीकडे बघून मान हलवू नका.

तिसऱ्या दिवशी मेट्रोने मोंप्लेझीर-ल्युमिएर स्टेशनला उतरून ल्युमिएर संग्रहालय. सिनेमाचे आद्य प्रवर्तक ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्ये आपल्या कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार याच आवारात चित्रित केले. २८ डिसेंबरला पॅरिसमध्ये तिकीट लावून खेळ झाला, आणि ७ जुलै १८९६ ला मुंबईत काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात. म्हणजे सात महिनेही लागले नाहीत. सिनेमावेड्या मराठी माणसाने आयफेल टॉवरची रांग सोडून इथे यावं, असं मी म्हणेन. (घरचे ऐकणार नाहीत, तो भाग वेगळा.)

खाण्याचं आधीच सांगते, कारण इथे फसगत होते. बुशों म्हणजे ल्योंच्या खास खानावळी, आणि तिथे डुकराचं मांस, आतडी, माशांचं केनेल (वाफवलेले मऊ गोळे) असा मामला असतो. ल्योंनेझ सॅलड नाव ऐकून शाकाहारी मागवाल, तर त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे आणि अंडं येईल. शाकाहाऱ्यांनी सर्व्हेल द कानू मागावं. नावाचा अर्थ विणकराचा मेंदू असला तरी आहे ते ताजं चीज, त्यात कांदा-लसूण आणि हिरवी पानं. सोबत पाव. वर लालभडक प्रालीनचा, म्हणजे साखरेत घोळवलेल्या बदामांचा टार्ट. जेवणाची वेळ चुकवू नका, दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं ते संध्याकाळी सातपर्यंत.

८ डिसेंबरच्या आसपास दीपोत्सव असतो. १८५२ मध्ये मेरीच्या पुतळ्याचं अनावरण सोनच्या पुरामुळे लांबलं, नव्या तारखेलाही वादळ आलं, आणि ते शमल्यावर लोकांनी खिडक्यांत दिवे लावले, तिथून ही प्रथा. आता प्रचंड गर्दी आणि हॉटेलांचे भाव गगनाला. पहिल्या खेपेला तरी मी टाळेन.

राहिले वार. ललितकला संग्रहालय मंगळवारी बंद, ल्युमिएर संग्रहालय सोमवारी बंद, आणि रविवार-सोमवार बऱ्याच बुशोंना सुट्टी. म्हणून बुधवारी सकाळी पोहोचा आणि शुक्रवारी रात्री परता. शनिवारपर्यंत ताणता आलं तर क्रुआ-रूसचा भाजीबाजार सकाळीच गाठा, दुपारी तो उठतो.