फोर बाय फोर घेतलीत ना? मग घाला चिखलात!

अभिनंदन! तुम्ही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी घेतलीत, तेव्हा आता तुम्हाला रस्त्याची गरज उरली नाही. मागच्या दारावर तो बिल्ला चिकटला की पुढे बसलेल्याला गाडी चालवता येऊ लागते, शिकायबिकायची भानगडच नाही. तरी काही सूचना देऊन ठेवतो. गेल्या रविवारी एका सद्गृहस्थांनी त्या माझ्या डोळ्यांदेखत तंतोतंत पाळून दाखवल्या, त्यामुळे अगदी ताज्या आहेत.

गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक उघडू नका. गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते, किती तीव्र चढाला तिचं नाक घासतं, असल्या भित्र्यांच्या गोष्टी त्यात असतात. शिवाय आपली गाडी नुसती ऑल व्हील ड्राइव्ह आहे आणि लो रेंज नावाचा, वेग कमी करून ओढायची ताकद वाढवणारा गिअर तिच्यात नाहीच, हेही कळायची भीती. उगाच मन खट्टू व्हायचं.

एकटेच जा. दुसरी गाडी सोबत असली की फोटोत गर्दी होते.

वाळूत टायरची हवा मुळीच कमी करू नका. हवा उतरवली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि गाडी रुतत नाही. रुतायचंच नव्हतं तर आलात कशाला? रुतली की ॲक्सिलरेटर तळाला टेकवा आणि गाडी पोटावर बसेपर्यंत पाय काढू नका. दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरायला लावणारं डिफरन्शियल लॉकचं बटण असेल तर ते शोभेचं समजा. हवेतलं चाक गरगर फिरू दे, जमिनीवरचं बघत बसेल.

चढावर गाडी अडली तर तिथंच आडवी वळवा. रिव्हर्स टाकून आलो त्याच चाकोरीनं सरळ मागे उतरणं हा पळपुटेपणा. टपावर तंबू, पेट्या, जादा टायर असं सगळं चढवलेलं असेल तर उत्तम, कलंडायला सोपं जातं.

पाणी दिसलं की उतरून खोली बघू नका, पँट भिजते. वाहतं पाणी ३० सेंटिमीटर असलं तरी छोट्या गाड्या तरंगायला लागतात आणि ६० सेंटिमीटरला भल्याभल्या एसयूव्ही वाहून जातात, पण ते इतरांच्या गाड्यांचं. हवा ओढायच्या वाटेनं इंजिनात पाणी शिरलं तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बंद पडली रे पडली की स्टार्टर मारत राहा. काही वाकायचं राहिलं असेल तर तेही वाकेल.

आता मदत मागण्याची रीत. आधी समोरच्याला विचारा, "तुमची गाडी ओढेल ना आमची?" मग दोर त्याच्या हातून हिसकून स्वतः अडकवा. कुठे? टो बॉलला! ट्रेलर जोडायचा तो गोळा अशा झटक्यासाठी बनवलेलाच नसतो हो. तो तुटला की ताणलेला दोर त्याला बंदुकीच्या गोळीसारखा फेकतो, काच फोडून आत. माणसं मेली आहेत त्यानं. मी म्हटलं, "साहेब, चॅसिसला बसवलेला रिकव्हरी हुक कुठाय?" तर म्हणे, "अहो, काही होत नाही." काही होत नाही! हुक मीच चिखलात हात घालून शोधला. दोर तुटलाच तर उसळू नये म्हणून त्यावर टाकायला जाड ताडपत्री मीच काढली. आणि दोर ताणायची वेळ आली तर यांचा मुलगा मोबाइल घेऊन बरोबर दोराच्या रेषेत उभा, कारण तिथून अँगल चांगला मिळतो. त्याला बाजूला करा म्हटलं, तर बापच म्हणतो, "दोन मिनिटं, शूट होऊ दे." पोटचं पोर आहे हो ते! शेवटी गाडी निघाली. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य काय? तुमच्या शॅकलनं, म्हणजे दोर अडकवायच्या कडीनं, आमच्या बंपरला चरा पाडला. आभार राहू देत, निदान मुलाला चार शब्द सुनवायचे होते.

नाही, आता नाही जमत उपरोध. सरळच बोलतो. चार चाकांना ताकद मिळाली म्हणून गाडी पुढे जाते, ब्रेक लावून थांबायला त्या ताकदीचा काहीही उपयोग नाही. उतारावर घसरायला लागलात की तो बिल्ला तुम्हाला धरून ठेवणार नाही. आणि गाडीची कुवत वेगळी, तुमची वेगळी. तुम्हाला स्टिअरिंग फिरवता येतं, एवढंच. चिखल, वाळू, दगड वाचता येत नाहीत, तर एखाद्या जाणत्याकडून मोकळ्या जागेत शिका, तोवर दुसऱ्यांच्या जिवावर हौस भागवू नका. तुम्हाला ओढायला आलेला माणूस त्या दोराच्या टोकाशी उभा असतो, कळतंय का? बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा, मुलांना गाडीतून उतरवून त्याहून लांब. पुढचं दिसत नसेल तर उतरा आणि चालत जाऊन बघा. जमत नसेल तर मागे फिरा. वळायला जागा नसेल तर रिव्हर्स घ्या. तोही येत नसेल तर किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या आणि शेजारी पट्टा लावून गप बसा.